डोक्यावरून पाणी!

'लेक व्ह्यू'चं स्वप्न बघताय? मग बुकिंग करायच्या आधी चारशे वर्षांपूर्वीचं एक बांधकाम बघून या. नळदुर्गच्या पाणीमहालात घालवलेला एक दिवस... आणि एका सहीची गोष्ट.

गेले सहा महिने माझ्या मोबाइलमध्ये एका बाल्कनीचा फोटो आहे. वाकडच्या पुढे होऊ घातलेल्या एका स्कीममधला, बाराव्या मजल्यावरचा वन बीएचके. फोटोत कठड्यावर कॉफीचा मग आणि खाली निळंशार पाणी. सॅम्पल फ्लॅट बघायला गेले तेव्हा तळं काही दिसलं नाही. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर पाण्याचे तीन टँकर मात्र रांगेत उभे होते. तरी त्या बाल्कनीच्या प्रेमात पडायची ती मी पडलेच!

आता प्रश्न पैशांचा. फ्रीलान्स काम करणाऱ्याला होम लोन देताना बँकेतला माणूस जो चेहरा करतो, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डाउन पेमेंट जास्त भरा, मग बघू, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे मार्ग एकच होता. बाबांच्या वाट्याची गावाकडची पाच एकर जमीन. धाराशिव जिल्हा, तुळजापूर तालुका, अणदूरच्या अलीकडे. बोअर आटलेला, विहीर कधी पाणी धरते, कधी नाही. शेजाऱ्यानं भाव बरा सांगितला होता. वडिलोपार्जित जमिनीत २००५च्या कायद्यानं मुलीलाही हक्क मिळालाय, त्यामुळे कागदावर माझीही सही लागणार होती. सप्टेंबरात काकांचा फोन आला, "पोरीला घेऊन या दादा. तुळजापूरला एका दिवसात उरकून टाकू."

त्याच आठवड्यात या अंकासाठी 'तळ्याकाठचे उन्हाळी महाल' असा विषय माझ्याकडे आला. मी म्हटलं, एक तर रजिस्ट्रारच्या ऑफिसच्या वाटेवरच आहे!

उदयपूर नको, नळदुर्ग!

उन्हाळी महाल म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा काय आठवतं? उदयपूर. पिछोला तलावातला जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६च्या दरम्यान बांधला, तोही उन्हाळ्यात गारव्याला जाऊन राहण्यासाठीच. आज तिथे पंचतारांकित हॉटेल आहे आणि तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात माझे दोन महिने निघतील. मग जयपूरचा जलमहाल, मानसागर तलावात अर्धा बुडालेला. तो लांबूनच बघायचा आणि फोटो काढायचा.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर विजापूरकडे चला. आदिलशाही सुलतानांनी विजापूरच्या पूर्वेला कुमटगीला तलावाच्या काठी विहारासाठी मंडप बांधले होते. कारंजी, पाण्याचे हौद, भिंतींवर रंगवलेली चित्रं असा सगळा थाट. उन्हाळ्यात पाण्याजवळ जाऊन बसायची या घराण्याला भारीच हौस! आणि याच घराण्यानं नळदुर्गला जे केलं, ते या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. उदयपूरला महाल पाण्यात आहे, कुमटगीला पाण्याच्या काठावर. नळदुर्गला महाल धरणाच्या पोटात आहे आणि पाणी त्याच्या डोक्यावरून जातं.

"जावा लवकर, गर्दी व्हायलीय"

पुण्याहून पहाटे निघालो. सोलापूरला नाश्ता केला आणि हैदराबाद हायवेला लागलो. सोलापूरपासून पाऊण-एक तासात नळदुर्ग येतं. बाबा गाडी चालवताना एरवी रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकवर कॉमेंट करतात. त्या दिवशी गप्प होते. मी मोबाइलवर ईएमआयचा हिशेब करत होते, तोही आवाज न करता.

चहाच्या टपरीवर थांबलो तर टपरीवाल्या मामांनी न विचारताच सांगितलं, "नर-मादी सुटलेत बघा. जावा लवकर, गर्दी व्हायलीय."

बाबांनी कप खाली ठेवला. "दोन्ही?"

"दोन्ही! वरचं धरण भरलं की."

नर आणि मादी ही इथल्या दोन धबधब्यांची नावं. बोरी नदीवर वरच्या अंगाला आता एक मोठं धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की मगच किल्ल्यातले हे धबधबे वाहू लागतात. काही वर्षी ते सुटतच नाहीत. त्यामुळे 'नर-मादी सुटलेत' ही इथे निव्वळ पिकनिकची खबर नसते. मला ते अर्ध्या तासानं कळलं.

किल्ला म्हणजे केवढा!

नळ राजाचा म्हणून नळदुर्ग, अशी इथली दंतकथा. किल्ल्यावर बहामनींची, मग आदिलशाहीची, १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर मोगलांची आणि पुढे निजामाची सत्ता आली. हुलमुख दरवाजातून आत शिरलात की पहिल्यांदा जाणवतो तो आकार. तटाला एकशे चौदा बुरूज आहेत. नऊ पाकळ्यांसारखा फुगलेला नवबुरूज बघून कुणाही आर्किटेक्ट मित्राला व्हिडिओ कॉल करावासा वाटेल. सगळ्यात उंच उपळी बुरुजावर लांबलचक तोफा पडून आहेत. पायऱ्या चढताना जिमची मेंबरशिप कितपत उपयोगी पडतेय त्याचाही निकाल लागतो.

पण खरी गंमत पुढे आहे. नळदुर्गच्या समोर, नदीपलीकडे, रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. मधून बोरी नदी वाहते. आदिलशाहीतल्या स्थापत्यकारांनी या दोन किल्ल्यांच्या मध्ये दगडी बांध घातला. पावणेदोनशे मीटरच्या आसपास लांब आणि साधारण वीस मीटर उंच. एकाच कामात तीन फायदे झाले. किल्ल्याला वर्षभराचं पाणी मिळालं, शत्रूच्या वाटेत तळं उभं राहिलं आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर जायला पूल तयार झाला. आणि हे सगळं झाल्यावर, त्या बांधाच्या मधोमध, राजासाठी एक खोली!

इथल्या फारसी शिलालेखानुसार हे काम १६१३चं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. हा सुलतान म्हणजे अवलिया माणूस. स्वतः गाणारा, वाजवणारा, 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह लिहिणारा. त्याला धबधब्याच्या मागे बसून पाण्याचा आवाज ऐकायची कल्पना आवडली नसती तरच नवल.

खिडकीच्या बाहेर धबधबा

बांधावरून चालताना पाण्याचा आवाज आधी तळपायांना कळतो, मग कानांना. दगड बारीक थरथरत असतो. पाणी बेताचं होतं म्हणून आत सोडत होते. जोराचा पूर असेल तर महालावरूनच पाणी जातं, मग आत जाण्याचा प्रश्नच येत नाही.

अंधाऱ्या पायऱ्या उतरलो आणि एकदम गारवा लागला. एसीचा नाही, माठाजवळ हात नेल्यावर लागतो तसला. खोली फार मोठी नाही. कमानी, चुन्यातलं नक्षीकाम आणि समोर सज्जासारखी जागा. बांधावर पाण्याला वाट काढून दिलेल्या दोन जागा आहेत. एकीतून नर कोसळतो, दुसरीतून मादी, आणि मधल्या या खोलीत आपण उभे. समोर खाली नदीचं पात्र, बाजूला पांढरंशुभ्र पाणी. तोंडावर तुषार उडत होते, पण छतातून एक थेंब गळत नव्हता. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम पाचव्या वर्षीच गळायला लागलंय, म्हणून मला हे विशेष वाटलं!

मी फोटो काढत सुटले. दहा मिनिटांनी लक्षात आलं, की बाबा फोटोत कुठेच नाहीत. ते मागच्या भिंतीला, म्हणजे तळ्याच्या बाजूच्या भिंतीला, हात लावून उभे होते.

"हिच्या पलीकडे सगळं पाणी आहे," ते म्हणाले. "शाळेत असताना आम्ही इथं यायचो. सर सांगायचे, भिंतीला कान लावा. मला कधी काही ऐकू आलं नाही. पण लावायचो."

मग बाबा बोलायला लागले. एरवी न बोलणारी माणसं अशा आवाजाच्या जागी बोलतात, कारण आपलं बोलणं नीट ऐकू जाणार नाही असा त्यांना भरवसा असतो.

१९७२च्या दुष्काळात बाबा सात वर्षांचे होते. आजी दुष्काळी कामावर जायची. गावाच्या वर पाझर तलावाचं काम निघालं होतं, तिथे डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायची. पोरांना सुकडी मिळायची, घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी असायची. हे सगळं मी आधी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. नवीन होतं ते पुढचं.

"पुढं दरवर्षी पावसाळ्यात आई बाजाराहून येणाऱ्या माणसाला एकच विचारायची, नर-मादी सुटले का? सुटले म्हणजे पाऊस झाला. मग रब्बीची ज्वारी पेरायची, उसनं घ्यायचं, घरातलं लग्न ठरवायचं. नाही सुटले, तर सगळं पुढच्या वर्षावर. मी दहावी झालो त्याच्या पुढं दोन वर्षं सुटलेच नाहीत. तिसऱ्या वर्षी मी पुण्याला आलो, कंपनीत लागलो."

मी विचारलं, "मग तुम्ही आम्हाला इथं कधी आणलं का नाही?"

"सुट्टी मे महिन्यात असायची ना तुम्हाला. तेव्हा इथं काय दाखवणार?"

खरं सांगायचं तर यावर मला काही उत्तर सुचलं नाही. मी आपला आणखी एक फोटो काढला.

आधी बांध, मग बाल्कनी

चारशे वर्षांत या भिंतीनं काय काय बघितलंय! १८५३ मध्ये निजामानं हा भाग इंग्रजांना तोडून दिला, तेव्हा कर्नल मेडोज टेलर अधिकारी म्हणून नळदुर्गला राहायला आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा हाच तो टेलर. त्यानं आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचं वर्णन केलंय. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. तेव्हा अख्ख्या जिल्ह्यालाच नळदुर्ग म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य ठाणं धाराशिवला गेलं, त्याचं उस्मानाबाद झालं आणि २०२३ मध्ये परत धाराशिव. १३ सप्टेंबर १९४८ला हैदराबादच्या पोलिस कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरलं, तेव्हा पहिल्याच दिवशी बोरीवरचा पूल आणि नळदुर्ग ताब्यात घेतलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी इथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. आमच्या गावातल्या घराची मागची भिंत त्या पहाटे पडली. इब्राहिमचा बांध मात्र उभाच आहे.

मला तिथे एक गोष्ट पटली. 'लेक व्ह्यू' विकणाऱ्याला तळ्याचं काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त खिडकी विकायची असते. इब्राहिमच्या माणसांनी आधी नदी अडवली, किल्ल्यातल्या घोड्यांपासून माणसांपर्यंत सगळ्यांच्या पाण्याची सोय केली आणि त्याच भिंतीत राजासाठी खिडकी ठेवली. बांध फुटला तर राजाची खोली पहिल्यांदा वाहून जाणार! उन्हाळ्यातल्या गारव्याची किंमत त्याला अशी मोजावी लागली. राजा होता, ऐषारामी होता, सगळं खरं. पण त्याची मौज त्या पाण्याच्या जिवावर होती, आणि ते त्याच्या बांधकामात दिसतं.

सही

दुपारी गावी पोचलो. काकांनी शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि पिठलं असा बेत ठेवला होता. जेवण झाल्यावर म्हणाले, "कागद उद्या. आज जरा विहिरीकडं जाऊन येऊ."

विहिरीत पाणी होतं. नुसतं नव्हतं, हात बुडवता येईल इतक्या वर आलं होतं. वरचा पाझर तलाव बरीच वर्षं गाळानं भरून उथळ झाला होता. दोन वर्षांपूर्वी गावानं सरकारी योजनेतून तो गाळ उपसला आणि ज्याचा त्यानं आपापल्या शेतात नेऊन टाकला. तलाव खोल झाला. त्यात थांबलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. पाझर तलावाचं कामच ते! पाणी वर दिसलं नाही तरी चालेल, खाली पोचलं पाहिजे.

"फोनवर का नाही सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"सांगून काय करणार? पोरीचं घर व्हायलंय. मी त्यात कशाला खोडा घालू?"

मी विहिरीच्या काठावर उभी होते. वर तो पाझर तलावाचा बांध दिसत होता, त्यावर गवत वाढलेलं. माझ्या आजीनं पाटीपाटीनं टाकलेली माती त्यात कुठेतरी आहे. नळदुर्गच्या बांधावर सुलतानाचं नाव फारसीत कोरलंय. या बांधावर काहीच कोरलेलं नाही.

त्या रात्री घरात बरीच चर्चा झाली. कुणी रडलं नाही, सिनेमातल्यासारखं 'जमीन आपली आई' वगैरे कुणी म्हटलं नाही. काकांनी कागदावर गुंठ्यांचा हिशेब मांडला. बाबांनी मला विचारलं, "तुझं काय म्हणणं? सही तुझीपण आहे." माझ्या आयुष्यात बाबांनी पैशांच्या गोष्टीत मला असं विचारण्याची ही पहिलीच वेळ.

मी म्हटलं, "विहिरीचा तुकडा ठेवूया."

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला तीन एकरांचा व्यवहार झाला. विहिरीसकट दोन एकर आमच्याकडे राहिले. काका यंदा त्यात ज्वारी पेरणार आहेत. हे सगळं फार शहाणपणाचं झालं की भावनेच्या भरात, ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या दोन वर्षी पाऊस दडी मारेल आणि मी स्वतःला शिव्या घालेन, हेही शक्य आहे. मराठवाड्यात पावसाची गॅरंटी देणारा ब्रोकर अजून जन्माला यायचाय!

डाउन पेमेंट अर्थातच कमी पडलं. बाराव्या मजल्यावरचा वन बीएचके गेला. आता चौथ्या मजल्यावरचे रीसेलचे फ्लॅट बघतेय, समोर बिल्डिंग, खाली पार्किंग. हल्ली फ्लॅट बघायला गेले की एजंटला पहिला प्रश्न व्ह्यूचा विचारत नाही. विचारते, पाणी कुठून येतं? तो जरा गोंधळतो.

मोबाइलमधला बाल्कनीचा फोटो मी काढून टाकला. त्या जागी आता पाणीमहालातला एक फोटो आहे. धबधबा ब्लर आलाय आणि बाबा भिंतीला कान लावून उभे आहेत.

जाताय? मग हे वाचा

कधी: धबधबे बघायचे असतील तर पावसाळा, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर. पण वरचं धरण भरलं तरच! निघण्याआधी नळदुर्गच्या कुणालातरी फोन करून 'नर-मादी सुटलेत का' एवढंच विचारा. उन्हाळ्यात धबधबे नसतात, किल्ला मात्र निवांत बघता येतो. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.

कसं: पुणे ते सोलापूर रेल्वेने किंवा गाडीने, साधारण अडीचशे किलोमीटर. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं नळदुर्ग पन्नास किलोमीटरच्या आत. एसटी भरपूर. तुळजापूरहूनही पस्तीसेक किलोमीटरच.

किती वेळ: नुसता पाणीमहाल बघायचा तर दोन तास. बुरूज, रणमंडळ सगळं करायचं तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. शनिवार-रविवारी, त्यातही पाणी सुटल्यावर, तुफान गर्दी असते. सकाळी लवकर पोचा.

जपून: बांधावरचे दगड शेवाळलेले असतात. सेल्फीसाठी कठड्यावर चढू नका. पाणी वाढलं की तिथली माणसं बाहेर काढतात, तेव्हा हुज्जत न घालता निघा.

जोडून काय: तुळजाभवानीचं दर्शन, धाराशिवजवळची लेणी, तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय. नळदुर्ग आणि अणदूरचा खंडोबाही प्रसिद्ध आहे. देव एकच, वर्षातला काही काळ नळदुर्गला मुक्कामी असतो आणि उरलेला अणदूरला. त्यामुळे देव सध्या कुठल्या गावी आहे, तेही विचारून घ्या!

काय खाल: कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. परतताना सोलापुरातून चटणीचं पाकीट घेतलं नाही, तर घरचे दारात उभं करणार नाहीत.